तिळगुळातली गोळी

जंतूवर माझा राग नाही. तो सोसायटीच्या टाकीतून आला की शाळेच्या नळातून, हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधायच्या फंदातही पडले नाही. जंतूने जंतूचं काम केलं. माझा राग आहे तो आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका माणसावर. दिल्लीत मार्च लागला की लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात, तसा मी तो राग नीट घडी घालून ठेवलेला आहे. त्याला कसर लागलेली नाही.

झालं गेलं विसरून जा, मुलगी वाचली ना, असं मला बरेच जण सांगतात. वाचली. तिच्या पोटावर बेंबीपासून खालपर्यंत एक व्रण आहे आणि बाजूला दुसरा, वाटोळा. हे सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही मुलाच्या पोटावर तसलं काही नाही, त्यामुळे विसरणं त्यांना सोपं जातं.

त्या माणसाला आम्ही सगळे काका म्हणायचो. मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, एके काळी माझ्या नवऱ्याचे साहेब आणि आता आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. द्वारकेत आम्हाला फ्लॅट मिळाला तोही त्यांनीच शब्द टाकल्यामुळे, त्यामुळे नवरा त्यांच्यापुढे कायम अर्धा वाकलेला असे. मी मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. कंपनीची बस मला सकाळी अंधारात उचलते आणि संध्याकाळी सोडते. मधल्या वेळात, शाळा सुटल्यावर, मुलगी काका-काकूंकडे असायची. ती त्यांना आजी-आजोबाच म्हणायची.

काकांचा एक डबा होता. जुना पत्र्याचा, बिस्किटांचा, आत औषधंच औषधं. निवृत्त सरकारी माणसांना दवाखान्यातून महिन्याची औषधं मिळतात. ती पुरून उरतात, आणि उरलेलं फेकणं आमच्या लोकांच्या रक्तात नाही. मंडळातल्या प्रत्येक घराची उरलीसुरली पाकिटं काकांच्या डब्यात जमा होत आणि गरज पडेल तशी वाटली जात. कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की आधी काका. सहलीला बसमध्ये तो डबा पुढच्या सीटवर एकटा बसायचा, पाहुण्यासारखा. काका काही डॉक्टर नव्हते. पण फाइलीवर सही करायची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाला आपण डॉक्टर नाही एवढ्याशा गोष्टीची अडचण वाटत नाही.

दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतजवळ काला अंबला जाते. जिथे मराठी फौज कापली गेली तिथे फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, एकमेकांना तिळगूळ द्यायचा आणि येताना मुरथलला पराठे खायचे. त्या वर्षी काकांनी मुलांसाठी पोवाडा लिहिला होता. दिल्लीत वाढलेली आमची मुलं, त्यांना ‘समशेर’ म्हणजे काय ते हिंदीत समजवावं लागतं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि तिला सगळा पोवाडा पाठ होता. काकांनी तिला फेटा बांधायचं ठरवलं होतं. कुणीतरी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यापुढे ती उभी राहून खड्या आवाजात म्हणणार होती. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू, त्या माणसाचा तिच्यावर जीव होता.

आणि नेमकी तेव्हाच ती आजारी पडली. आधी ताप आला, मग पोटात कळा, मग आव पडू लागली आणि आवेत रक्त. मी सुट्टी टाकून तिला आमच्या सेक्टरमधल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं, ओआरएस पाजत राहा म्हणाले आणि बोट उगारून बजावलं, “दस्त रोकने की कोई दवा नहीं देनी है। जो अंदर है उसे निकलने दीजिए।”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ऑडिट होतं आणि नवरा दौऱ्यावर होता. मुलीला खाली सोडताना मी डॉक्टरांचं वाक्य शब्द न् शब्द काकांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. “अच्छा, अच्छा,” म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाले, “अगं, तुझा नवरा शर्ट खोचायला शिकला नव्हता तेव्हापासून मी माणसं सांभाळतोय. जा तू निवांत.”

संध्याकाळी परत आले तर काका दारातच उभे, चेहरा नुसता फुललेला. “बघ, बंद! दुपारपासून एकदाही नाही. चलो, उद्याची चिंता मिटली.”

“काही दिलंत का?”

“काय देणार? दही-भात. आणि आमचं लक्ष.”

मला हायसं वाटलं. वाटणारच. लेकरू आदला दिवसभर संडासात बसून कण्हत होतं ते आता पांघरुणात शांत पडलं होतं. रात्री मात्र तिने पाण्याला तोंड लावलं नाही, आणि सकाळी पाहते तो तिचं पोट फुगलेलं. हात लावला तर टणक. ताप चढलेला, डोळे अर्धवट मिटलेले, आणि एकदम उलटी झाली ती हिरवीगार.

तेवढ्यात काका आले, हातात भगवा फेटा. “थोडी कमजोरी आहे. बसमध्ये झोपेल, तिथे गेल्यावर उभी राहील. शेरनी है अपनी.” मी म्हटलं, ती कुठेही येणार नाही. तोंड असं केलं त्यांनी, की मी जणू मंडळाचं नाक कापलं. बस धुक्यातून निघून गेली. मी मुलीला शालीत गुंडाळून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. पोट दाबून पाहिलं, कागद पाहिले आणि विचारलं, “दस्त अपने आप रुके? कोई रोकने वाली दवा तो नहीं दी?”

मी त्याच्यासमोर काकांना फोन लावला. पलीकडे वारा, माणसांचा गलबला, कुणीतरी माइक तपासतंय, हॅलो हॅलो. ते काला अंबला पोचले होते. मी ओरडून विचारलं, “काका, काल तिला जुलाब थांबायची गोळी दिली होती का? डॉक्टर विचारतायत. खरं सांगा, मी काही बोलणार नाही तुम्हाला.”

“छे छे! काहीच नाही.”

“नक्की?”

“अगं, बिल्कुल नाही. ठेव आता, माझं भाषण आहे.”

डॉक्टरने मान डोलावली. मग ठीक आहे म्हणाला, आपोआप थांबले म्हणजे बरी होतेय, पोटात गॅस आहे. सलाइन लावलं आणि आम्ही वाट पाहत बसलो. तिकडे तो माणूस शहिदांच्या स्मारकापाशी उभा राहून शौर्यावर बोलत होता आणि इकडे त्याच्या एका शब्दावर विसंबून माझ्या मुलीचं आतडं फुगत होतं. ते भाषण फार रंगलं असं नंतर ऐकलं. टाळ्या पडल्या म्हणे.

दुपारनंतर तिचा श्वास धापेसारखा झाला. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पोटावर हात ठेवला न ठेवला तोच उचलला आणि एक्स-रे काढायला सांगितलं. तो बघून त्यांनी आधी अॅम्ब्युलन्स मागवली. मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यावर थेट ऑपरेशन. आतडं फाटलं होतं. घाण पोटात पसरली होती.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंनी मला नंतर सोप्या हिंदीत समजावलं, ते असं. आवेचे जंतू आतड्याच्या आतल्या बाजूला जखमा करतात आणि आतडं ते विष बाहेर फेकायला धडपडत असतं. त्यालाच आपण जुलाब म्हणतो. गोळीने जुलाब थांबत नाहीत, आतडं झोपी जातं. विष आतच राहतं, आतडं फुगत जातं, फुगून पातळ होतं आणि कधी कधी फाटतं. माझ्या मुलीच्या मोठ्या आतड्याचा एक भाग काढावा लागला होता आणि उरलेल्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली होती.

“लेकिन गोली तो दी ही नहीं,” मी म्हटलं.

“बिना गोली के भी हो सकता है,” त्या म्हणाल्या. “दी होती और सुबह पता चल जाता, तो सुबह ही एक्स-रे करते, सर्जन को बुलाते। शायद बच जाती आंत। शायद।”

तो ‘शायद’ मी अजून गिळलेला नाही.

मुलगी शुद्धीवर आली, आयसीयूतून वॉर्डात आली. नर्स औषध घेऊन आली तेव्हा तिने तोंड घट्ट मिटलं आणि म्हणाली, “तिळगुळात नको.” मी विचारलं, तिळगुळात काय? “आजोबांनी दिला होता ना. कडूवाला. आत गोली थी, पीसके. बोले आईला नको सांगू, सरप्राइज है, उद्या तुला फेटा बांधायचाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, कारण तिला वाटायला नको होतं की मी तिच्यावर रागावले.

काका भेटायला आले, सफरचंदं घेऊन, मागे काकू. देवाची कृपा वगैरे झालं. मी म्हटलं, काका, पुन्हा एकदा विचारते, हिच्यासमोर विचारते. काही दिलं होतंत?

“किती वेळा सांगू गं? दही-भात.”

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. नुसती बघत होती, टक लावून. काकूंनी मान खाली घातली. काकांनी सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि गुडघ्यांचं दुखणं काढलं. सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत बघून तो माणूस खोटं बोलला. ती त्याच्याशी त्या दिवसापासून बोलायची बंद झाली. मीही.

एवढ्यावर ते गप्प बसले असते तरी माझा राग कदाचित कमी धारेचा राहिला असता. पण नाही. मंडळात त्यांनी हळूच सोडून दिलं की बाहेरचं खाणं, दुसरं काय. नोकरीवाल्या आया, वेळ कुठे असतो त्यांना. मंडळातल्या बायका मला भेटून हळहळायच्या आणि जाता जाता विचारायच्या, “गोलगप्पे खाल्ले होते का गं तिने?” मी दात-ओठ खात ‘नाही’ म्हणायचे. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही, आणि मग म्हणाला, “म्हाताऱ्या माणसाला काय शिक्षा करणार? त्यांनी मुद्दाम थोडंच केलं.” गोळी मुद्दाम नसेल. फोन मुद्दामच होता.

पुढचे महिने पिशवीचे. ती कशी बदलायची, चिकटपट्टी कुठे कापायची, भोवतालची कातडी लाल झाली तर काय लावायचं, सगळं मी शिकले. कारखान्यात गास्केट गळतंय का ते तपासणारी मी घरी मुलीच्या पोटावरची पिशवी गळतेय का ते तपासायचे. शाळेत ती मैदानाच्या कडेला बसायची. एकदा वर्गात पिशवी सुटली. त्या दिवशी घरी येऊन ती रडली नाही, स्वतः बादली घेऊन पिनाफोर धुवायला बसली. मी मागून तिला बघत होते आणि मनात त्या माणसाला शिव्या घालत होते, ज्या माझ्या तोंडात कधी आल्या नव्हत्या अशा, हरियाणवी, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडून कानावर पडलेल्या. काकांच्या श्रीखंडात त्याच गोळ्या कुटून घालाव्यात असंही मी ठरवलेलं आहे, किती तरी वेळा, भाजी चिरता चिरता. वकिलालाही विचारलं. तो म्हणाला, मॅडम, प्रूफ क्या है, बच्ची की बात?

मला तुरुंग नकोच होता. मला त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. गोळी मी दिली आणि फोनवर खोटं बोललो. एवढंच. ते ऐकल्याशिवाय मी द्वारका सोडणार नव्हते आणि मरणारही नव्हते.

पावसाळ्यात दुसरं ऑपरेशन झालं. आतडं जोडलं, पिशवी गेली. मग पुन्हा संक्रांत आली. काकांच्या सेवेबद्दल त्यांचा सत्कार रथसप्तमीला करायचं मंडळाने ठरवलं. भाषणात डब्याचा खास उल्लेख होणार होता.

त्याआधी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाचं हळदीकुंकू असतं. प्रत्येक जणी आपापलं वाण आणते आणि सगळ्याजणींना वाटते. कुणी प्लास्टिकचे डबे, कुणी गाळण्या, कुणी कंगवे. मी काळी साडी नेसले, नथ घातली आणि ओआरएसच्या पाकिटांची पिशवी घेऊन गेले. काका माइकपाशी खुर्चीवर होते, कार्यक्रम पुकारायला.

मी पहिल्या बाईच्या ओटीत पाकीट घातलं आणि म्हटलं, “मुलाला जुलाब झाले तर हे द्या. थांबवायची गोळी देऊ नका. माझ्या मुलीला काकांनी तिळगुळातून चोरून दिली, म्हणून तिचं आतडं फाटलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले.”

दुसरीलाही तेच. तिसरीलाही तेच, तेच शब्द, तोच आवाज. मी ओरडले नाही, रडले नाही. हॉलमधली कुजबुज माझ्या पुढे पुढे सरकत गेली आणि मागे शांतता राहत गेली. काकांनी माइक हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मला त्यांचं तोंड बघून मजा आली. आली म्हणजे आली, का लपवू?

शेवटी काकू. त्या दाराशी हळदीकुंकवाचं तबक घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मी पाकीट धरलं आणि वाक्य सुरू केलं, तर त्यांनी माझा हात धरला. “पुरे गं,” म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ती खरं सांगतेय. लाडू मी वळले होते. गोळी कुटताना मी त्यांना बघितलं होतं.”

त्यांनाही माझी माफी नाही. वर्षभर त्या मूग गिळून बसल्या होत्या. पण त्या दिवशी त्या बोलल्या, हे लिहायला हवं.

पुढे मला काही करावंच लागलं नाही. काकांनी दिलेली औषधं घराघरांतून परत येऊ लागली. कुणी बेल वाजवत नव्हतं. पाकिटं, अर्ध्या बाटल्या, सुटी पानं दारातल्या पायपुसण्यावर ठेवून लोक निघून जात. मी जिना उतरताना तो ढीग मुद्दाम थांबून बघायचे. सत्कार रद्द झाला, कारण पाहुण्यांना वेळ नव्हता असं कळवण्यात आलं.

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायचा असतो. त्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी काका वर आले, एकटे, हातात वाटी. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. नवरा उठून उभा राहिला, सवयीने. मी उठले नाही.

काका तिच्यासमोर खाली बसायला गेले, गुडघे वाकेनात, म्हणून स्टुलावर टेकले. त्यांचा आवाज माइकवरचा नव्हता. “गोळी मी दिली होती बेटा,” ते म्हणाले. “तुला बरं वाटावं म्हणून दिली. आणि तुझ्या आईला फोनवर खोटं सांगितलं. मी घाबरलो.”

वर्षभर ज्या वाक्यासाठी मी जगले ते असं, संध्याकाळी, टीव्हीचा आवाज बारीक करून, सांगितलं गेलं. मी वाट पाहत होते की आता छातीतलं काहीतरी हलकं होईल. झालं नाही काही.

त्यांनी वाटीतून एक लाडू उचलून तिच्यापुढे धरला. “तिळगूळ घे. गोड बोलशील ना आजोबांशी?”

मुलीने रंगाचा खडू ठेवला. लाडवाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“आधी तुम्ही खा,” ती म्हणाली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे तसंच पाहिलं. शेवटी त्यांनी लाडू तोंडात घातला. दात नीट नाहीत, वेळ लागला. ती त्यांचा जबडा हलताना बघत होती, गिळेपर्यंत. मग ते उठायला लागले.

“रुको,” ती म्हणाली. “बसा. बघू दे काय होतं.”

आणि खडू उचलून ती पुन्हा रंगवायला लागली, मधेच मान वर करून त्यांच्या पोटाकडे बघत. नवरा म्हणाला, “अगं, जाऊ दे त्यांना.” मी त्याला हाताने गप्प केलं. पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. मी त्या माणसाला तिथे बसवून ठेवलं, तिचं चित्र पुरं होईपर्यंत.